दोन बिल्ले, एक खिळा

मंगळवार, ३ तारीख

ताई,

फोन का करत नाही म्हणून पहिल्याच ओळीत तोंड वाकडं करू नकोस. डॉक्टरांनी पडद्याकडे बघायची बंदी घातली आहे. आणि पडदा नसता तरी उपयोग काय? परवा तुझ्याशी शेजारच्या फोनवरून अर्धा तास बोललो म्हणे. काय बोललो ते तुलाच ठाऊक, माझ्या डोक्यात कोरा कागद. डॉक्टर म्हणाले, हाताने लिही, खाली कार्बन घाल आणि रोज सकाळी आदल्या दिवसाचं वाच. तर ही वही, हा कार्बन आणि हा मी. दाजी मंगळवार-शुक्रवार पार्सलची गाडी घेऊन इकडे येतातच, त्यांच्या हातून पत्रं जातील-येतील. पेनही त्यांनीच दिलंय. गळतं.

सतरा दिवस झाले. गुरुवारपर्यंतचं सगळं स्वच्छ आठवतं. त्यानंतर जाग आली ती हॉस्पिटलात, समोर तू, रडून रडून नाक लाल झालेली. मधले शुक्रवार आणि शनिवार कुणीतरी कात्रीने कापून नेलेत. मी शीतगृहात अडकलो, डोक्याला मार लागला, मुकादमाने दार उघडून बाहेर काढलं, हे सगळं मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकतो. माझीच गोष्ट, आणि मला ती शेजाऱ्याच्या लग्नासारखी ऐकावी लागते.

मला एवढंच कळत नाही की दार लागलंच कसं. आमच्याकडे दाराबाहेर फळी आहे, फळीवर खिळे, प्रत्येकाचा एकेक. आत जाताना पितळी बिल्ला आपल्या खिळ्यावर टांगायचा, बाहेर आलं की काढून खिशात. फळीवर एक जरी बिल्ला असला तरी कुलूप लावायचं नाही. मी कॉलेज अर्ध्यात सोडलेला गाढव असेन, पण बिल्ला न टांगता उणे अठरात जाईन इतका नाही.

मुकादम रोज येतो. गोळ्या आणतो, गोड बोलतो, आणि जाताना जबाबाचा कागद काढतो. शनिवारी, १४ तारखेला, चौकशीचे साहेब येणार आहेत. त्याआधी मी सही करून द्यायची की चूक कुणाची होती. मला काही आठवत नाही म्हटलं तर म्हणतो, "तू सही कर, आठवायचं काम आम्ही करतो."

आता खरा प्रश्न, आणि टाळू नकोस. पारा आली होती का हॉस्पिटलात? थर्मामीटरच्या नोंदी ठेवते ती, चष्मेवाली. मी तुला मागे तिच्याबद्दल चार पानं लिहिली होती. सतरा दिवसांत एकदाही आली नाही. गुरुवारी भांडण झालं होतं, मान्य. मी सगळ्यांसमोर तिची चष्म्याची डबी लपवली, ती म्हणाली, "पोरकटपणा बंद कर, नाहीतर माझ्याशी बोलणं बंद कर." पण माणूस मरता मरता वाचला तर शत्रूसुद्धा जिन्यापर्यंत येतो.

तुझा,
भडकू

* * *

गुरुवार, ५ तारीख

भडकू,

पत्र मिळालं. पेन गळतं ते दाजींना सांगितलं, ते म्हणाले फुकटचं आहे. 

हॉस्पिटलात कोण आलं नि कोण नाही, याची मी हजेरी घेत बसले नव्हते. तुझे पाय शेकत होते. अकरा दिवस मशीन बंद ठेवून, गिऱ्हाइकांचे बोल खाऊन मी तिथे होते, आणि तू विचारतोस काय, तर चष्मेवाली आली होती का. ताईचं कसं चाललंय, पाठ दुखते का, हे विचारायला कार्बन पुरला नाही वाटतं.

गोळ्या वेळेवर घे. मुकादम माणूस बरा वाटला मला, पण वाचल्याशिवाय सही करू नकोस. तुझी सही आणि तुझा राग दोन्ही पटकन बाहेर येतात.

तुझ्या कपड्यांची पिशवी हॉस्पिटलाने मलाच दिली, ती माझ्याकडे आहे. अंगावर दोन जॅकेटं होती तुझ्या, एकावर एक. वरचं इतकं तोकडं की बाह्या कोपराशी. दिसेल ते कुणाचंही अडकवायची तुझी सवय अजून गेली नाही. धुवून पाठवते सवडीने. सध्या तीन गणवेश शिवायचे राहिलेत.

ताई

* * *

शुक्रवार, ६ तारीख

ताई,

तू टाळलंस. मी ओळखतो. तू टाळतेस तेव्हा गणवेशांबद्दल लिहितेस.

आता राहू दे, मला कळलं. मुकादमानेच सांगितलं. बराच वेळ नाही नाही म्हणत होता, मग खुर्ची ओढून म्हणाला, "सांगणार नव्हतो बाबा, तुझं मन तिच्यात आहे. पण तुझा बिल्ला तिच्या खिशात निघाला."

वाचलंस? माझा बिल्ला. तिच्या खिशात.

म्हणजे मी टांगला होता. मी नीटच टांगला होता. तिने तो काढला, फळी रिकामी झाली, मुकादमाने रिकामी फळी बघून कुलूप लावलं आणि मी आत. शनिवार अर्ध्या दिवसाचा, दुपारी दोनला सगळे घरी. मुकादम म्हणतो, तेव्हापासून ती कामावरही आली नाही. "मन खात असेल," म्हणाला.

एका डबीसाठी, ताई. डबी लपवली म्हणून माणसाला गोठवून मारायचं? आणि मी मूर्ख, आठ महिने तिच्या टेबलावरची पेन्सिल रोज टोक काढून ठेवत होतो. आज सकाळी आदल्या दिवसाचं पान वाचलं, त्यात मी लिहून ठेवलंय, 'पाराला चिठ्ठी पाठवावी का?' तेच पान फाडलं. मग आठवलं की कार्बनचं पान शिल्लक आहे, तेही फाडलं. आता गुरुवारचा दिवसच नाही माझ्याकडे.

मुकादमाने कपड्यांची पिशवी कुठे आहे विचारलं. जॅकेटं कंपनीची असतात, परत जमा करायची म्हणे.

भडकू

* * *

सोमवार, ९ तारीख

भडकू,

तुझं पत्र वाचून दोन दिवस हात चालला नाही. आता लिहिते ते बसून वाच. आणि पान फाडू नकोस, उद्या परत वाचायला लागेल.

ती आली होती. तू शुद्धीवर यायच्या आदल्या दिवशी. उजव्या हाताला मनगटापर्यंत बँडेज. वॉर्डच्या दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, "ताई, दोन्ही बिल्ले माझ्याच खिशात निघाले. मी..." पुढचं मी बोलूच दिलं नाही. तुझे ओठ निळे पडलेले, आणि ही येऊन सांगते बिल्ले माझ्या खिशात. मी तिला नको ते बोलले. म्हटलं, पुन्हा या जिन्यावर दिसलीस तर मी हातातली कात्री बाजूला ठेवणार नाही. ती खाली बघून गेली.

तुला सांगितलं नाही, कारण तू सलाइनसकट उठून तिच्या घरी भांडायला गेला असतास. हेही खरं की माझ्या तोंडून गेलेले शब्द मलाच परत ऐकायचे नव्हते.

पण तुझं पत्र वाचल्यापासून एक गोष्ट टोचते आहे. ती 'दोन्ही' म्हणाली होती. तुझा काढायचा होता तर तिचा कशाला निघेल त्यात? आणि जिने मारायला बघितलं ती स्वतःहून येऊन बिल्ल्याचं सांगेल का? हाताला काय झालं होतं तेही मी विचारलं नाही. आपल्या घरात राग सगळ्यांच्या वाट्याला आला, ऐकून घ्यायचं कुणाच्याच नाही.

सही करू नकोस. शनिवारी मी येते, तोवर आजारी पड, झोपून रहा, काहीही कर.

ताई

* * *

मंगळवार, १० तारीख

ताई,

काल संध्याकाळी सही केली.

तुझं पत्र आज आलं, मी काय करू? दाजींची गाडी सोमवारी येत नाही हा माझा दोष नाही.

मुकादमाने सगळं सुवाच्य लिहून आणलं होतं. 'सदर मुलीने भांडणाच्या रागातून माझा बिल्ला हेतुपुरस्सर काढून घेतला.' मी वाचलं, ताई. तू म्हणतेस तसं वाचून सही केली. वाचताना डोकं इतकं तापलं होतं की प्रत्येक शब्द मला माझाच वाटला. तो कागद शनिवारी साहेबांपुढे जाणार. पुढे पोलीस, आणि ती आत. मुकादमाने घडी घालून खिशात ठेवला आणि पाठ थोपटली. माझी पाठ अजून दुखते तिथे.

आणि आणखी एक. त्याने पिशवीचं परत विचारलं. शुक्रवारी, रविवारी आणि काल. तीनदा विचारलंय हे मला वहीमुळे कळलं, नाहीतर दर वेळी पहिल्यांदाच विचारतोय असंच वाटलं असतं. काल म्हणाला, "तुझ्या बहिणीला कशाला त्रास, गुरुवारी माझं तिकडे काम आहे, मीच घेऊन येतो." पत्ता मागितला. मी दिला.

आता लिहिताना वाटतंय, दोन जुन्या जॅकेटांसाठी कुणी इतक्या लांब जातं का?

दाजी खाली हॉर्न वाजवतायत. हे पत्र नुसतं पोचवा नाही, पळवा म्हणून त्यांना सांगतो आहे.

भडकू

* * *

गुरुवार, १२ तारीख

भडकू,

तुझा मुकादम येऊन गेला. क्रमाने सांगते.

तुझं पत्र मंगळवारी रात्री मिळालं, बुधवारी सकाळी मी पिशवी काढली. ते तोकडं जॅकेट टेबलावर पसरलं आणि टेप लावली. खांदा साडेतेरा. कंबरेला आत घेतलेलं. भडकू, वीस वर्षं कपडे शिवते मी, आणि हे मला इतके दिवस दिसलं नाही. ते बायकी मापाचं आहे. तू कुणाचं अडकवलं नव्हतंस, कुणीतरी स्वतःच्या अंगातून काढून तुझ्या अंगात घातलं होतं. उणे अठरात.

मग खिसे उलटे केले. आतल्या बाजूला, अस्तराला, हाताने शिवलेला एक चोरखिसा होता. त्यात घडी घातलेला तापमानाच्या नोंदीचा तक्ता. दोन्ही बाजूंनी पेन्सिलीने भरलेला. वाचून झाल्यावर मी आधी त्याची नक्कल करून घेतली.

मुकादम आज दुपारी आला. चहा नको म्हणाला, पिशवी द्या म्हणाला. मी दिली. तुझं जॅकेट आणि दाजींचा उसवलेला स्वेटर घालून, वर गाठ मारून. माझ्या डोळ्यांदेखत 'बराय ताई, काळजी घ्या' म्हणाला, आणि जिन्याच्या वळणावर जाऊन गाठ सोडून खिसे चाचपले. वरून दिसतं माझ्या खिडकीतून. तो परत वर येईल म्हणून मी दाराला मशीन लावून बसले. दोनदा कडी वाजली. मी आत मशीन चालवत राहिले, रिकामंच, दोरा न घालता. गेला शेवटी.

तक्ता सोबत पाठवते आहे. दाजींच्या शर्टाच्या आत शिवला आहे, उसवून घे. नक्कल माझ्याकडे आहे. मला काही सांगायचं नाही, तूच वाच.

ताई

* * *

[तक्ता]

*शनिवार. शीतगृह दोन. नोंद घेणारी: मी.*
*शेरा: आतल्या बाजूची कडी तुटलेली. तिसरा आठवडा. मुकादमांना तीनदा कळवलं.*

*३:५० उणे १८. माल सरकवायच्या खिडकीतून आत आले. खिडकी आतून उघडत नाही, माहीत होतं. वॉचमनला किल्लीसाठी मुकादमांच्या घरी पाठवलं आहे. हा शिडीशेजारी पडलेला. डोक्याचं रक्त गोठलेलं. नाव विचारलं. सांगितलं.*

*४:०० उणे १८. माझं जॅकेट याच्या अंगात घातलं. खोक्यांचे पुठ्ठे फाडून खाली आणि चारी बाजूंनी लावले. झोपू देणार नाही. दर दहा मिनिटांनी प्रश्न विचारणार आणि लिहिणार.*

*४:१० उणे १८. बहिणीचा धंदा विचारला. "शिवते आणि बोलते."*

*४:२० उणे १८. कॉलेज का सोडलं? मला शिवी दिली. शुद्ध आहे.*

*४:३० उणे १८. बिल्ले कोणी बांधले विचारलं. "मी. निळ्या दोरीने. तुझ्याच खिळ्यावर. म्हणजे तू माझ्याशिवाय बाहेर जाणार नाहीस." हसला. मी हातमोज्यांसकट एका झटक्यात काढून खिशात टाकले होते. रागात होते. बघितलं नाही. घरी जाऊन खिशात हात घातला तेव्हा दोन.*

*४:४० उणे १८. हातमोजा काढून दार ठोकते आहे, मोज्यात आवाज होत नाही. हात लोखंडाला चिकटला. सोडवला.*

*४:५० उणे १८. डाव्या हाताने लिहिते आहे. मुकादमांनी कुलपाआधी तीन हाका आणि एक फेरी मारायची असते. फेरी मारली असती तर हा दिसला असता.*

*५:०० उणे १८. उत्तर नाही. थोबाडीत मारली. "पोरकटपणा बंद कर," म्हणाला.*

*५:१० उणे १८. पाढे म्हणवून घेतले. सातचा चुकला. तो एरवीही चुकत असेल.*

*५:२० उणे १८.* (पुढची ओळ खोडलेली)

*५:३० उणे १८. वॉचमन आला नाही. तक्ता याच्या अंगातल्या माझ्या जॅकेटच्या चोरखिशात ठेवते. सापडला तर वाचता यावा.*

* * *

शनिवार, १४ तारीख

ताई,

तू स्टँडवर उतरायच्या आधीच चौकशी संपली, म्हणून लिहितो. शिवाय उद्या मला वाचायला लागेल.

काल रात्रभर मला वाटत होतं, तक्ता वाचला की आठवेल. काहीतरी उघडेल. काही उघडलं नाही, ताई. निळी दोरी नाही, शिडी नाही, थोबाडीत बसलेली नाही. दुसऱ्याच कुणाचं तरी मरण वाचत होतो. फक्त सातचा पाढा म्हणून बघितला, आणि खरंच चुकला.

साहेब टेबलामागे, मुकादम त्यांच्या उजव्या हाताला, माझा जबाब वर ठेवलेला. साहेब म्हणाले, "सही तुमचीच ना?" म्हटलं, "माझीच. पण जबाब यांचा आहे." मुकादम हसून म्हणाला, "साहेब, डोक्याला मार आहे याच्या, काल बोललेलं आज आठवत नाही." म्हटलं, "म्हणून तर लिहून ठेवतो." आणि तक्ता ठेवला पुढे.

साहेबांनी सावकाश वाचला. मी मधेच म्हणालो की बिल्ले मी बांधले, तो मूर्खपणा माझा, तिचा नाही. हे बोलताना दारात उभे असलेले सगळे हमाल ऐकत होते. एकजण हसलाही. हसू दे.

मग साहेबांनी मुकादमाला एकच विचारलं, "फेरी मारली होती?"

तो म्हणाला, "फळी रिकामी होती, साहेब."

"मी फेरीचं विचारलं."

वॉचमन तेव्हा पुढे आला. म्हाताऱ्याने टोपी काढून हातात घेतली. म्हणाला, मुलीने पाठवलं तसा मी लगेच गेलो, पण हे घरी नव्हते. दीड तास शोधलं. आणि दार उघडल्यावर हे मला म्हणाले, मुलगी आत होती हे कुणाला बोलायचं नाही. मी इतक्या दिवसांत त्या म्हाताऱ्याला खिडकीतून रोज रामराम केला होता, त्याला एकदा विचारायचं मला सुचलं नाही.

मुकादमाला घरी बसवलंय. जबाब साहेबांनी फाडला नाही, त्यावर आडवी रेघ मारून मला खाली सही करायला लावली. मलाही शीतगृहात जायची बंदी आहे, पॅकिंगला बसायचं. ठीक आहे.

तिच्या दोन बोटांची पेरं गेलीत, ताई. उजव्या हाताचे. हमालांनी सांगितलं. तिला चिठ्ठी लिहितो आहे. दाजींचा हॉर्न नको, ही मी स्वतः तिच्या वडिलांच्या दुकानात ठेवून येणार.

भडकू

* * *

शनिवार, १४ तारीख

पारा,

मी सोमवारी तुझ्याविरुद्ध सही केली होती. आज ती मागे घेतली. दोन्ही तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो. हमाल सांगतील तेव्हा त्यात तिखटमीठ असेल.

ताई तुला भेटायला येणार आहे. कात्री घरी ठेवून.

मला त्या दिवसाचं काही आठवत नाही, डॉक्टर म्हणतात कधीच आठवणार नाही. जे आहे ते तुझ्या तक्त्यात आहे. दहा वेळा वाचला. सगळं कबूल आहे मला, शिवीसुद्धा. फक्त ५:२० ला काय झालं ते खोडलं आहेस. उजेडासमोर धरून बघितलं, पेन्सिल फार दाबून फिरवली आहेस. माझ्या आयुष्यातली दहा मिनिटं आहेत ती. मला हवी आहेत.

तुझ्या हाताबद्दल काय लिहावं ते कळत नाही. चार वेळा लिहून खोडलं.

भडकू

* * *

बुधवार, १८ तारीख

भडकू,

डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुझ्या सहीचं मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. मुकादम स्वतः दुकानात येऊन बाबांना सांगून गेला. दोन दिवस मी जेवले नाही. ते तुला माफ केलंय असं अजून धरून चालू नकोस, बघते.

तुझ्या ताई येऊन गेल्या. आधी रडल्या, मग माझ्या हाताचं माप घेतलं. दोन बोटं आखूड असलेला मोजा शिवणार आहेत. जाताना म्हणाल्या, "तू त्या दिवशी पुढे काय सांगणार होतीस ते आता सांग." मी सांगितलं. त्या मधे एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांना ते किती जड गेलं ते दिसत होतं.

मी एक तारखेला कामावर येते. दोरी कापली आहे, तुझा बिल्ला या पाकिटात आहे. बंदी उठेल तेव्हा तुझ्या खिळ्यावर टांग. तो माझ्या शेजारचाच आहे, तेवढं पुरे.

५:२० ची ओळ मी खोडली, कारण तू तेव्हा शुद्धीत होतास की नाही याची मला खात्री नव्हती, आणि खात्री नसलेली नोंद मी ठेवत नाही. ती मी तुला सांगणार नाही. तुला स्वतःला सुचली तर उबेत बसून, डोकं ठिकाणावर असताना, पुन्हा म्हण. मी वेळ घालून लिहून घेईन.

पारा